स्नायू : मराठीतला वेगळा, संस्कृतातला वेगळा

प्रश्न : पुण्यातल्या एका फिजिओथेरपी केंद्रासाठी गुडघ्याच्या एसीएल (अँटीरियर क्रुशिएट लिगामेंट) या लिगामेंटवर मराठी माहितीपत्रक करायचे आहे. शीर्षकाखाली संस्कृत नावही हवे आहे. संस्कृत कोशात लिगामेंटला ‘स्नायु’ दिले आहे. मराठीतही तेच लिहिले तर चालेल का?

उत्तर : मराठीत नको. मराठी वाचकाला स्नायू म्हणजे मसल, दंडाची बेटकुळी. ‘स्नायू तुटला’ असे वाचून पेशंट मांडी चोळत बसेल, आणि इजा तर सांध्याच्या आत आहे. लिगामेंटला ‘अस्थिबंध’ लिहा : हाडाला हाड बांधणारा. स्नायूला हाडाशी जोडते ती ‘कंडरा’, म्हणजे टेंडन. टाचेवर बोटांच्या चिमटीत जाड दोरीसारखी लागते ती कंडराच. बोलीत तिला घोडशीर म्हणतात.

संस्कृतात मात्र ‘स्नायु’ अगदी बरोबर आहे. प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताने आपल्या संहितेच्या शारीरस्थानात (शरीररचनेच्या भागात) 900 स्नायू मोजले आहेत : हातापायांत 600, धडात 230, मानेपासून वर 70. फळ्या पुष्कळ बंधनांनी नीट जखडलेली नाव जशी पाण्यावर भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार सोसतो, असा दृष्टान्तही तिथेच आहे. हे वर्णन मसलला लागूच पडत नाही. जखम शिवण्याच्या धाग्यांतही सुश्रुत ताग आणि केसाबरोबर स्नायू सांगतो. मांसाचा काही धागा होत नाही.

दुसरे उत्तर : मग मसलला संस्कृतात काय? ‘पेशी’. सुश्रुताच्या गणतीत त्या 500. खरा घोळ इथे होतो, कारण मराठीत पेशी म्हणजे सेल, शरीराचा सूक्ष्म घटक. हिंदी पत्रकावरून मराठी करताना ‘मांसपेशियों में दर्द’चे ‘पेशींमध्ये वेदना’ होते आणि वाक्याचा अर्थच जातो. तिथे ‘स्नायू दुखणे’ हवे. बंगालीत तर स्नायू म्हणजे नर्व्ह, म्हणजे आपला मज्जातंतू. तेव्हा शब्द सारखा दिसला म्हणून उचलू नका. आधी अवयव पाहा.

प्रश्नकर्ता : मग एसीएलचे पूर्ण नाव काय लिहू?

उत्तर : गुडघ्यात दोन बंध एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात, त्यांतला हा पुढचा. ‘क्रुशिएट’साठी ‘स्वस्तिक’ घ्या. सुश्रुताची स्वस्तिकयंत्रे, म्हणजे शस्त्रक्रियेचे चिमटे, अशीच, दोन पाती एकमेकांवरून गेलेली. म्हणून मराठीत ‘पुढचा स्वस्तिकबंध’ आणि संस्कृतात ‘जानुगता पुरःस्वस्तिकस्नायुः’ असे मी सुचवीन. हे घडवलेले शब्द आहेत, म्हणून पहिल्या उल्लेखात शेजारी ‘एसीएल’ ठेवाच. पेशंटच्या एमआरआय रिपोर्टात तेच असते.

लेखनाचेही पाहा. मराठीत सुटा शब्द दीर्घ, ‘स्नायू’. समासात पहिले पद असेल तर ऱ्हस्व, ‘स्नायुदाह’. सामान्यरूप पुन्हा दीर्घ, ‘स्नायूला’.

आणखी एक : क्रियापदांकडेही लक्ष द्या. सिंहगड उतरताना घोटा ‘मुरगळतो’ तेव्हा ताणला जातो तो अस्थिबंध. पोटरीत ‘गोळा येतो’, कमरेत ‘उसण भरते’ तेव्हा आखडतो तो स्नायू. पेशंट ही क्रियापदे सहसा चुकत नाही. पत्रकात तीच वापरा, म्हणजे ‘अस्थिबंध’ हा नवा शब्दही त्याला आपोआप कळेल.