गव्हाची शेकायची पिशवी मायक्रोवेव्हमध्ये करपतेय, मदत हवी आहे

सायली_नाशिक: घरी शिवलेली गव्हाची पिशवी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली की करपल्याचा वास येतोय. काल काढली तर मधोमध चटका बसेल इतकी तापलेली आणि कडेला नुसती कोमट, वर कापडावर रुपयाएवढा तपकिरी डाग. आईची मान आखडलीय, रबरी पिशवी मानेवर बसत नाही, घसरते. व्हिडिओत सगळ्यांची नीट होते मग माझीच का करपते? लवकर सांगा प्लीज, आज रात्रीच हवीय. आणि इलेक्ट्रिकची घ्या असं सांगू नका.

माळावरचा: किती मिनिटं लावता? किती वॅटचा आहे? कापड कुठलं? गहू किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

अनघा के: इलेक्ट्रिक जेलची पिशवी घेऊन टाका ना, आमच्याकडे रोज वापरतो, शिवत कशाला बसायचं.

माळावरचा: नको म्हणून लिहिलंय त्यांनी. आणि त्या जेलच्या पिशव्या फुगतात, शेजारच्यांची तर शिवणीतून गळली.

अनघा के: स्वस्तातली घेतली असेल. चार्जिंगला लावून मांडीवर घेऊन बसलं तर कुठलीही बिघडणारच.

सायली_नाशिक: तीन मिनिटं लावते. वॅट बघितले नाहीत, कन्व्हेक्शनवाला आहे. कापड ब्लाउजपीसचं उरलेलं. गहू अर्धा किलो असतील. पिशवी गच्च भरलीय.

दर्याकाठी: सलग तीन मिनिटं फार झाली हो. अर्ध्या किलोला आधी एक मिनिट, मग बाहेर काढून चांगली हलवायची, मग 30-30 सेकंद. मायक्रोवेव्हमध्ये दाण्यातलं पाणी तापतं आणि तेही सगळीकडे सारखं नाही, म्हणून मध्येच चटका आणि कडेला कोमट. त्यात गच्च भरलेली, म्हणजे दाणे हलतच नाहीत. दोन तृतीयांश भरा आणि आडव्या टिपा घालून तीन-चार कप्पे करा, मानेवर नीट वळेल. आणि फक्त मायक्रो मोडवर, कन्व्हेक्शन किंवा ग्रिलवर चुकूनही नाही, आधी केक केला असेल तर आतली जाळी काढून मायक्रोवेव्ह पूर्ण गार होऊ द्या.

रमाकाकू: सायली, गव्हाला काही लावलंय का गं?

सायली_नाशिक: हो मग, गावाहून आलेले वर्षाचे गहू आहेत, एरंडेल चोळलेले. त्याचा काय संबंध?

रमाकाकू: अगं तोच तर संबंध! पाणी 100 अंशाला वाफ होऊन जातं, तेल त्याच्या पुढेही तापत राहतं, आणि ते कापडातही उतरतं. तेलकट कापड आणि वर तीन मिनिटं, पेटेल एखाद्या दिवशी. ती पिशवी आता अजिबात लावू नकोस, उसव. दुकानातून काही न लावलेले गहू नाहीतर साधा जाड तांदूळ आण. बोरिक पावडर लावलेला तांदूळपण नको.

गावठी_शेतकरी: एरंडेल लावायची गरजच काय? कडकडीत उन्हात वाळवून कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरा, वर्षभर पोरकिडा लागत नाही.

रमाकाकू: पाल्याने आमच्या तुरीला कीड लागलीच होती. फ्लॅटमध्ये ऊन कुठे मिळतं?

गावठी_शेतकरी: पाला ओला घातला असेल.

माळावरचा: विषय पिशवीचा आहे. ताई, कापडाचा एक धागा काढून पेटवून बघा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि राख, टेरिकॉट असेल तर वितळून टोकाला कडक गाठ. शिवायचा दोराही तसाच तपासा, मशीनचे रीळ बहुतेक पॉलिस्टरचेच असतात. बटन, चेन, जरीचा धागा काही नको.

सायली_नाशिक: गाठ झाली. दोऱ्याचीपण.

माळावरचा: मग मांजरपाट आणा, धुवून आटवून मग शिवा, दुहेरी टीप. वरून वेगळा अभ्रा घाला, धान्याची पिशवी धुता येत नाही.

म्युनिककर: इकडे जर्मनीत चेरीच्या बियांच्या उशा दुकानात मिळतात, त्या धुताही येतात. आपल्याकडे चिंचोके चालतील का? कुणी करून बघितलंय?

पल्लवी_डोंबिवली: लचकलेल्या पायाला हीच पिशवी फ्रीजरमध्ये ठेवून लावता येते. बर्फासारखी टोचत नाही.

दर्याकाठी: फ्रीजरवरून आठवलं, नवीन धान्य भरायच्या आधी तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, किडे-अंडी मरतात. आणि दर वेळी थोडी वाफ उडून दाणे कोरडे होत जातात, कोरडे झाले की लवकर करपतात. म्हणून गरम करताना शेजारी अर्धा कप पाणी ठेवायचं आणि पिशवी पूर्ण गार झाल्याशिवाय परत लावायची नाही. करपट वास आला की दाणे सरळ टाकून द्यायचे.

डॉक्टर_नाहीये_मी: आईंना मधुमेह आहे का? चटका लवकर कळत नाही मग. माझ्या सासूबाईंच्या पोटरीला फोड आला होता, त्यांना काही जाणवलंच नाही.

सायली_नाशिक: हो, आहे की. गोळ्या चालू आहेत. मान चालते ना पण?

डॉक्टर_नाहीये_मी: तुम्ही आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला मिनिटभर धरा, मग टॉवेल गुंडाळून दहा मिनिटं, आणि मध्येच कातडी लाल झाली का बघा. अंगाखाली घेऊन झोपू देऊ नका. आणि मुंग्या येत असतील किंवा हात जड वाटत असेल तर शेकत बसू नका, दाखवून या.

सायली_नाशिक: मुंग्या नाहीत. पण मांजरपाट आत्ता कुठे मिळणार, दुकानं बंद झाली.

रमाकाकू: आज रात्रीपुरतं कढईत खडे मीठ भाजून जुन्या सुती धोतराच्या फडक्यात गाठोडं बांध. मीठ मायक्रोवेव्हमध्ये नको घालूस, गॅसवरच. दुहेरी फडकं घे आणि गाठ वर ठेव, गाठीपाशी मीठ गळतं.

अनघा के: मला अजूनही वाटतं इलेक्ट्रिकचीच बरी, तापमान आपोआप थांबतं.

सायली_नाशिक: मीठ भाजायला ठेवलं. ते एरंडेलवाले गहू पिशवीतून काढून दळायला दिले तर चालतील का?

रमाकाकू: नको गं, करपलेत आणि कापडाचं काय काय लागलंय त्यांना. टाक.