ठोका चुकतो तेव्हा : धडधडीचे आणि धास्तीचे तुमचे अनुभव लिहा

मंडळी, छातीत मधूनच धस्स होतं, ठोका चुकल्यासारखा वाटतो, नाडी कारण नसताना पळते किंवा अगदीच मंदावते, आणि तपासण्या नॉर्मल येऊनही मन थाऱ्यावर येत नाही, अशा सगळ्यांसाठी हा धागा. काय जाणवलं, डॉक्टर काय म्हणाले, भीती कशानं उतरली ते लिहा. गोळ्यांची नावं मात्र नकोत. एकाची गोळी दुसऱ्यानं घ्यायची नसते.

माझ्यापासून सुरुवात करते. मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. रात्री डाव्या कुशीवर वळलं की छातीत मासा उलटल्यासारखं व्हायचं. क्षणभर काहीच नाही, मग एक दणका. त्या मधल्या क्षणात हृदय थांबलंच असं वाटून दरदरून घाम फुटायचा. मिरजेला कार्डिओलॉजिस्टकडे ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळं झालं. २४ तासांचं होल्टर, म्हणजे दिवसभराचे ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावलं, त्यात तुरळक जादा ठोके निघाले. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. ठोका चुकत नाही, एक ठोका वेळेच्या आधी पडतो. तेव्हा हृदय नीट भरलेलं नसतं, म्हणून तो फारसा जाणवत नाही. त्यानंतर हृदय जरा जास्त थांबतं, तेवढ्यात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात पडतो. ज्या दणक्यानं माझी गाळण उडायची, तो भरलेल्या हृदयाचा चांगला ठोका होता! मिनिटाला ७० धरले तरी दिवसाचे लाखभर ठोके होतात. त्यातले थोडे पुढेमागे पडणं निरोगी माणसांतही सर्रास आढळतं. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला अधिक टेकतं, म्हणून तसं झोपल्यावर ते जास्त जाणवतं.

आता तुम्ही लिहा.

कोयनाकाठ, पाटण
ताई, आमच्याकडची गंमत नाही, पण गोष्ट निराळी आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्या घरातल्या थोरल्यांनी भोगलाय, आणि लहान धक्के अजून अधूनमधून बसतात. त्यामुळं रात्री छातीत हादरा बसला की पहिला प्रश्न, जमीन हलली का? मी उठून खुंटीवरचा कंदील बघायचो. तो हलत नसला की खरी भीती सुरू व्हायची, कारण मग हादरा माझ्याच आतला. मंडळी उठून पाठीवर हात फिरवायची, पण नाडी शंभराच्या पुढं. गावातल्या डॉक्टरांनी तपासून, कराडला इको करायला लावून समजावलं की भ्यायलं की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढतं, त्यानं हृदय पळतं आणि जादा ठोकेही वाढतात. म्हणजे ठोक्यानं भीती आणि भीतीनं ठोका. हे कळल्यावर मी उठायचं सोडलं. पडल्या पडल्या श्वास सावकाश सोडतो, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. आपोआप डोळा लागतो.

घाटातला धावक, सातारा
माझी तऱ्हा उलटी. मी सातारा हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात सराव करतो. मनगटावरच्या घड्याळानं रात्री इशारा दिला, ठोके ४४. आईनं ऐकलं आणि घरात रडारड. निरोगी माणसाची विश्रांतीतली नाडी साधारण ६० ते १००, हे तिनं वाचलेलं. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं धावणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून कमी ठोक्यांत भागतं. झोपेत तर आणखी कमी होतात. चक्कर येते का, अंधारी येते का, चढावर पूर्वीपेक्षा दम लागतो का, हे मात्र त्यांनी खोदून खोदून विचारलं. उत्तर तिन्हींना नाही, म्हणून विषय संपला.
घड्याळाबद्दल एक सांगतो. पट्टा ढिला असला तर ते पावलांची लय नाडी म्हणून मोजतं. सपाटीवर रमतगमत धावताना १८० दिसलं तर आधी पट्टा आवळा, मग मानेवर बोटं ठेवून मोजा.

बागायतदार, तासगाव
द्राक्षाच्या छाटणीनंतर अवकाळीचं ढग आलं की आमची झोप उडते. रात्रभर जागं, फवारणीची घाई, त्यात च्या वर च्या आणि तंबाखू. छातीत धाडधाड व्हायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, हृदय चांगलंय म्हणाले. तंबाखू सोड, दुपारनंतर च्या बंद, पाणी पी. तंबाखू सोडणं लै अवघड गेलं, पण धडधड निम्म्यानं उतरली. आमच्या घरातल्या बायका मशेरी लावतात, त्यातबी तंबाखूच असतो, हे पण ध्यानात घ्या.

एक आई, कराड
लेकाच्या ईसीजीवर ‘सायनस अ‍ॅरिथमिया’ छापून आलं. कॉलेजच्या फॉर्मसाठी केलेली साधी तपासणी! डॉक्टर भेटेपर्यंतचे ते तास कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. डॉक्टरांनी त्याला माझ्यासमोर खोल श्वास घ्यायला लावला आणि माझं बोट त्याच्या मनगटावर ठेवलं. श्वास आत जाताना ठोके जलद, बाहेर जाताना सावकाश. तरुण वयात हे ठळक असतं आणि ते निरोगीपणाचंच आहे. छापील शब्द वाचून घाबरणाऱ्या सगळ्या आयांसाठी मुद्दाम लिहितेय.

नर्स, मिरज
सगळे अनुभव वाचले. धीर देणारे आहेत, तरी माझं काम म्हणून थोडं कडक लिहिते. हृदय निर्दोष आहे हे आपण घरी ठरवायचं नाही, तपासणीनं ठरू द्यायचं. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली, किंवा पळताना, जिना चढताना ठोके बिघडले, तर वाट बघू नका. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. होल्टरमध्ये जादा ठोके एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या पुढे गेले, तर त्रास नसला तरी डॉक्टर लक्ष ठेवतात, कारण फार प्रमाणात असले तर पुढे हृदयाचं पंपिंग कमी होऊ शकतं.
आणि साठीच्या पुढच्यांची नाडी घरच्यांनी अधूनमधून बघावी. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं, पूर्ण एक मिनिट. मधूनच एखादा ठोका पुढे पडणं वेगळं; कुठलीच लय न सापडणं वेगळं.

इस्लामपूरकर
सिस्टर, तुम्ही लिहिलंत ते आमच्या घरात घडलंय. आप्पांची नाडी अशीच कशीही पडायची. ते म्हणायचे, वयानं होतंय. शेजारच्या काकूंनी हात धरून पाहिला आणि दवाखान्यात पाठवलं. एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे लय सोडून नुसते थरथरतात. त्यात तिथं रक्त साकळून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर लकवा. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू आहे, आप्पा रोज फिरायला जातात. ज्यांचं निर्दोष निघालं त्यांचं अभिनंदन, पण तपासणी सोडू नका.

वाईची, नाव नको
माझं निर्दोष निघून किती दिवस झाले, तरी भीती गेली नव्हती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरात ऑक्सिमीटर आला. ऑक्सिजन बघायला आणला, मी त्यावर नाडी बघू लागले. स्वयंपाक करताना, देवपूजेत, रात्री पांघरुणात. ८२ आले की ९० ची भीती, ९० आले की १०० ची. पायऱ्या चढले की नाडी वाढणारच, जेवणानंतर वाढते, तापात वाढते, उन्हात पाणी कमी पडलं तरी वाढते; पण प्रत्येक वाढ मला अॅटॅकच वाटायची. गणपतीच्या घाटावर मैत्रिणी गप्पा मारत असायच्या आणि मी गळ्याला बोट लावून गप्प. परत परत ईसीजी काढला, दर वेळी दोन दिवस बरे जायचे.
शेवटी कार्डिओलॉजिस्टनीच समुपदेशकाकडे पाठवलं. मला फार लागलं होतं ते. माझ्या छातीत होतंय आणि हे मनाचं म्हणतात! पण त्या बाईंनी एकदाही ‘मनाचे खेळ’ असं म्हटलं नाही. ठोका खरा आहे, त्याचा लावलेला अर्थ खोटा आहे, असं म्हणाल्या. मग नाडी बघायच्या वेळा ठरवून कमी करत नेल्या. ऑक्सिमीटर नवऱ्याच्या कपाटात गेला. जिना मुद्दाम भराभर चढायचा, धडधड होऊ द्यायची आणि ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं, नाडी न बघता. पहिल्यांदा पाय लटपटले. आता मेणवलीपर्यंत चालत जाते. ठोके अजून चुकतात, विशेषतः झोप कमी झाली की. जाणवतात आणि पुढं जातात. कुणाला समुपदेशक परवडत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

नवी सदस्य, कोरेगाव
मला दोन महिने धडधड आहे, पाळीही जास्त जाते. दाखवायला जायची भीती वाटते. काही निघालं तर?

धागाकर्ती
अगं, जाच उद्या. सोबत कुणाला तरी ने. ईसीजी काही मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. धडधड चालू असताना निघाला तर सगळ्यात चांगलं. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड करून घे, पाळीचं आवर्जून सांग. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागतं. कधी सुरू होते, किती वेळ टिकते, तेव्हा काय करत होतीस, ते वहीत लिहून ने.

नवी सदस्य, कोरेगाव
जाऊन आले, जाऊबाई बरोबर होत्या. ईसीजी चांगला आहे. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्यात, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत म्हणाले, आणि पाळीसाठी सोनोग्राफी सांगितलीय. ती सोमवारी आहे. महिन्यानं परत रक्त तपासायचंय, तेव्हा आकडा इथं लिहिते.