जुन्या पद्मिनीला खालून काळं अंडरकोटिंग मारलंय, घ्यावी की सोडावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मुक्काम सांगली, विश्रामबाग. गाड्यांचं ज्ञान बेताचं, हौस मात्र दांडगी. 1978 ची प्रीमियर पद्मिनी बघून ठेवलीय. क्रीम रंग, हँडल गिअर, 1089 सीसीचं इंजिन पहिल्या किल्लीत सुरू. लहानपणी मामांच्या पद्मिनीत कुंभार्ली घाट चढताना मी न चुकता उलटी करायचो, तरी हवी तर तीच गाडी. याला काय म्हणायचं ते म्हणा.

घोडं अडलंय ते गाडीच्या पोटाशी. ओळखीच्या गॅरेजात रॅम्पवर चढवली तर पुढच्या बंपरपासून मागच्यापर्यंत सगळं काळंकुळकुळीत, डांबर ओतल्यासारखं. विकणारे काका म्हणतात, "अंडरकोटिंग (गंज लागू नये म्हणून खालून मारायचा डांबरी थर) करून घेतलंय, आता जन्मात पत्रा बघायला नको." त्यापोटी 25,000 जास्त मागतायत. माझा मिस्त्री म्हणतो, "साहेब, ह्याचे पैसे द्यायचे नसतात, कापायचे असतात." दोघंही सारख्याच खात्रीने बोलतात आणि मी मध्ये लटकलोय.

मला जेवढं कळलंय ते सांगतो, चुकलो तर कान धरा. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. फ्लोअर, दाराखालच्या पोकळ पेट्या, मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे अडकतात ती जागा, हे कुजलं की गाडीच गेली. कोरड्या, साफ केलेल्या पत्र्यावर कोटिंग मारलं असेल तर चांगलंच. पण गंजावर मारलं असेल तर? डांबरी थर काही वर्षांत कडक होतो, तडकतो, तड्यातून पाणी आत शिरतं आणि आतच राहतं. वरून थर तुकतुकीत, आत पत्र्याची खारी.

त्यात आरसी बुकावर पहिला मालक रत्नागिरीचा, म्हणजे खारा वारा खाल्लेली गाडी. आणि कोटिंगच्या पावतीवर साल आहे 2020. ते वाचून पोटात गोळा आला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं (धोक्याची पातळी 45), आणि गाडी तेव्हा नदीकाठच्या गावभागात होती. काका म्हणतात, "आधीच वर नेऊन लावली होती." माणूस खोटा वाटत नाही. पण पुरानंतर वर्षभरातच खालून काळं फासायची बुद्धी का झाली?

अजून एक. 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे हिची वेळ 2028 नंतर. गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत, असंही त्यात आहे. म्हणून खाली काय ठिगळं आहेत ते आत्ताच कळलेलं बरं.

तर हे कोटिंग जमेला धरू की खर्चाला? आणि न खरवडता आतलं काही कळतं का?

गंजका पाना (सातारा)
कोटिंग करण्याआधीचे फोटो आहेत का, हे पहिलं विचारा. ज्याने खरंच पत्रा साफ करून काम केलंय तो फोटो दाखवल्याशिवाय राहत नाही. फोटो नसतील तर झाकली मूठ सव्वा लाखाची समजा.

आणि खालून कशाला बघत बसलाय? फ्लोअरला दोन बाजू असतात. सीट काढा, मॅटिंग उचला, वरून बघा. काळं फासणारे आतून सहसा फासत नाहीत. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत चला, चांगला पत्रा टण्ण वाजतो, कुजका किंवा लांबी (पुट्टी) भरलेला भद्द. लांबीवर चुंबक धरत नाही, पण जाड थरावर तो तसाही ढिला धरतो, म्हणून डावी-उजवी तीच जागा ताडून बघा. दाराच्या आणि पेट्यांच्या तळाला पाणी निचरायची भोकं असतात. स्प्रे मारताना ती बुजली असतील तर पेटी आतून सडत असणार, बाहेर कितीही कोटिंग असो. ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकची केबलसुद्धा काळी केली असेल, तर काम कुणी कसं केलं ते तिथेच कळलं.

पुराचा गाळ बघायचाय तर मागच्या सीटखाली आणि दाराच्या आतल्या पॅनलमागे. तिथला गाळ धुवायला कुणी जात नाही.

कोकणी मेवा
सरसकट वाईट म्हणू नका हो. आमच्याकडे नवी गाडी आली की पावसाळ्याआधी खालून कोटिंग करायचे. वडिलांच्या गाडीचा फ्लोअर त्यामुळेच टिकला. जुना थर मातकट असतो, खडे लागून टवके उडालेले असतात. तो दिसला तर खूश व्हा. विकायच्या आधी मारलेलं काळंभोर दिसलं की मात्र हात आखडता घ्या.

कृष्णाकाठ
भावा, एक हिशेब विसरू नकोस. उद्या पत्रा बदलायचा झाला तर त्या डांबरावर वेल्डिंग करता येत नाही, पेटतं आणि धुराने गॅरेज भरतं. आधी हीट गन आणि पत्तीने सगळं खरवडायचं. आमच्या अँबॅसडरला दोन माणसं तीन दिवस लागली, हात आठवडाभर काळे. ती मजुरी आत्ताच किमतीतून वळती कर.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल मॅटिंग उचललं. ड्रायव्हरच्या बाजूला मूळ रंग, कारखान्यातले स्पॉट वेल्डचे ठिपकेसुद्धा दिसतात. मागच्या सीटखाली कोरडी धूळ आणि एक दहा पैशाचं नाणं, गाळाचा मागमूस नाही. पुराचा संशय फिटला, काकांची मनातल्या मनात माफी मागितली.

पण डावीकडे पुढे, पाय ठेवतो तिथे, वहीएवढा पत्रा नंतर बसवलेला आहे, कडेला लांबी. ठोकलं तर भद्द! काकांचाच चेहरा उतरला, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. 25,000 चा विषय त्यांनी स्वतःहून सोडला. रविवारी तळहाताएवढ्या तीन जागा खरवडून बघायला परवानगी दिलीय, त्यातली एक मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी. ती धड निघाली तर घेतोय.

सांगली, मिरज किंवा कराडला जुन्या पद्मिनीचं पत्राकाम नीट करणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मामांना अजून काही बोललेलो नाही.