'ब्रिज'ला जपानीत काय म्हणावं?

प्रश्न: एका भाषांतरात 'आजी म्हणजे दोन पिढ्यांमधला ब्रिज' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलंय. मी जपानीत 'हाशी' लिहिलं. चालेल का?

उत्तर: अर्थ पोचेल, पण मी तिथे 'काकेहाशी' लिहीन. 'हाशी' म्हणजे आधी पायाखालचा पूल. समासात त्याचा बऱ्याचदा 'बाशी' होतो, जसा टोकियोतल्या निहोनबाशीत. तिथे पहिला पूल १६०३ साली झाला, आजचा दगडी पूल १९११ सालचा.

'काकेहाशी'ही एकेकाळी खराखुरा पूलच होता. कड्याच्या कुशीला फळ्या ठोकून केलेली वाट, तीही काकेहाशीच. मध्य जपानमधल्या किसोच्या खोऱ्यातली अशी वाट फार प्रसिद्ध होती. आज मात्र हा शब्द मुख्यतः माणसांना आणि देशांना जोडणाऱ्यासाठी येतो. जपानी लेखक आणि शिक्षणतज्ज्ञ इनाझो नितोबे यांना पॅसिफिकवरचा पूल व्हायचं होतं. त्यांचा उल्लेख अजूनही 'ताइहेइयो नो काकेहाशी' असा होतो. आपणही आजीला 'पूल' म्हणत नाही, 'दुवा' म्हणतो. तोच कान इथे लावा.

मध्यस्थीच्या कामाला 'हाशिवाताशी'. स्थळ सुचवण्यापासून तहाच्या बोलण्यांपर्यंत सगळीकडे चालतो.

खरी अडचण पुढे आहे. वाक्य 'पिढ्यांमधलं अंतर ब्रिज करणे' असं असेल तर जपानीत पूल बहुधा गायबच होतो. तिथे म्हणतात 'मिझो ओ उमेरु', म्हणजे चर बुजवणे. आपण दरी बुजवतो, ते चर बुजवतात! मला हे साम्य फार आवडतं. इथे ओढूनताणून 'हाशी' घातलात तर वाक्याला भाषांतराचा वास येईल.

'पूल जाळणे', म्हणजे परत फिरायची वाट स्वतःच बंद करणे, या इंग्रजी प्रयोगाला सरसकट शब्दकोशातून 'हाइसुइ नो जिन' उचलू नका. पाठीशी नदी ठेवून मांडलेला व्यूह, असा त्याचा अर्थ. तो आपल्या 'परतीचे दोर कापणे'च्या जवळचा. सिंहगडावर १६७० साली सूर्याजीने दोर कापल्याची कथा आठवा, तीच जिद्द त्यात आहे. पण नोकरी सोडताना कुणी सगळ्यांशी वैर घेतलं, तर त्यात कसला आलाय व्यूह? तिथे 'एन् ओ किरु', संबंध तोडणे, एवढंच पुरे.

बाकी किरकोळ: तात्पुरतं ब्रिज लोन म्हणजे 'त्सुनागी यूशी', व्हायोलिनची घोडी 'कोमा', दातांचा ब्रिज मात्र 'बुरिज्जि'च.