वाढीच्या वयात वजनाचा व्यायाम: हाडांसाठी आठवड्यातून दोन दिवस पुरतात का? तोलकाटा, पाठकणा आणि मोजपट्टी या तिघांची चर्चा

तोलकाटा
वयात येणाऱ्या मुलांनी आठवड्यातून दोनदा वजनाचा व्यायाम करावा, असं सर्रास सांगितलं जातं. हा आकडा स्नायूंच्या हिशोबाचा आहे. हाडाचं गणित निराळं. रुबिन आणि लॅन्यन या संशोधकांनी १९८४ मध्ये पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर दाब देऊन पाहिला. दिवसाला ३६ दाब दिल्यावर हाड वाढलं. १८०० दिले तरी त्याहून जास्त वाढलं नाही. हाडातल्या पेशी लवकर बधिर होतात, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्या पूर्ववत व्हायला सुमारे ८ तास लागले. म्हणजे तासाभराच्या सत्रातला बराचसा भाग हाडाच्या दृष्टीने फुकट जातो. तेवढंच काम पाच दिवसांत वाटा, रोज थोडं थोडं.

पाठकणा
पेशी बधिर होतात हे मान्य, पण पाच दिवस कुठून आले? २००२ च्या रॉबलिंग यांच्या प्रयोगात उंदरांच्या एका गटाला ३६० दाब सलग दिले, दुसऱ्याला ९०-९० असे चार वेळा. दुसऱ्या गटाची हाडं जास्त बळकट झाली. मात्र दोन्ही गटांना आठवड्याचे दिवस तीनच होते! फायदा झाला तो दिवसातल्या विभागणीचा.

शिवाय ताण कसा पडतो हे आधी बघा. ब्लिमकी यांच्या १९९६ च्या अभ्यासात पाळी सुरू झालेल्या मुलींनी २६ आठवडे, आठवड्यातून तीनदा मशीनवर व्यायाम केला. ताकद वाढली, हाडात लक्षणीय फरक पडला नाही. फुक्स यांच्या २००१ च्या अभ्यासात ६ ते १० वर्षांच्या मुलांनी ७ महिने, तेही आठवड्यातून तीनदाच, ६१ सेंमी उंच खोक्यावरून १०० उड्या मारल्या. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मांडीच्या हाडाच्या मानेतलं (खुब्याजवळच्या अरुंद भागातलं) खनिज ४.५ टक्के जास्त भरलं. जमिनीवर उतरताना शरीराच्या वजनाच्या सुमारे ८ पट जोर येत होता. दिवस तेच, निकाल वेगळा.

तोलकाटा
मग आपण तितके लांब नाही. स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) दोनच दिवस ठेवा: ८-१२ रेपचे (एका दमात तितक्या वेळा) २-३ सेट, शेवटी आणखी दोन रेप जमतील एवढंच वजन. पाचपैकी उरलेल्या तीन दिवशी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा उड्या, दोन उड्यांमध्ये १०-१५ सेकंद थांबून. सलग मारल्या तर शेवटच्या उड्यांचा उपयोग कमी होतो.

मोजपट्टी
निकाल मोजणार कसा, तेही बघा. डेक्सा स्कॅन (हाडातलं खनिज मोजणारा क्ष-किरण) खनिजाला क्षेत्रफळाने भागतं, हाडाच्या जाडीने नाही. दोन मणके आतून अगदी सारखे असले तरी मोठा मणका जास्त घट्ट दिसतो. मूल उंच झालं की व्यायाम न करताही आकडा चढतो. म्हणून उंचीनुसार जुळवलेला झेड-स्कोअर (त्याच वयाच्या मुलांशी तुलना) घ्या, टी-स्कोअर (तरुण प्रौढांशी तुलना) मुलांसाठी नाहीच. डोकं वगळून सगळं शरीर आणि कमरेचे मणके, एवढंच बघा. सहा महिन्यांच्या आत पुन्हा स्कॅन काढण्यात अर्थ नाही.

पाठकणा
उड्या वाटून द्यायला हरकत नाही, पण सगळ्या वयांना एकच माप लावू नका. उंची झपाट्याने वाढते तेव्हा खनिज मागे पडतं, साधारण आठ महिने. मनगटाची हाडं याच काळात जास्त मोडतात. गुडघ्याखाली नडगीच्या उंचवट्यावर बोट दाबल्यावर दुखत असेल, तर उड्या बंद आणि खोल स्क्वॉटही बंद. पार्श्वभाग मागे नेऊन केलेली डेडलिफ्ट बहुधा चालते. पाळी तीन महिने चुकली तर व्यायामाचे दिवस मोजण्याआधी खाणं पुरतंय का ते तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. अन्न कमी पडलं की हाडाला मिळणारा इशारा वायाच जातो.

तोलकाटा
दुखतंय तिथे थांबायचं, यावर वाद नाहीच. पण प्रौढपणीच्या खनिजाचा साधारण चौथा हिस्सा दोनच वर्षांत भरतो. त्याचा जोर मुलींत साडेबाराच्या, मुलांत चौदाच्या सुमारास असतो. आठवड्यातले पाच दिवस हाडाला काहीच न देणं मला पटत नाही. नडगी दुखत असेल तर उड्या सोडा, दोन दिवसांची डेडलिफ्ट चालू ठेवा, आणि दुखणं पूर्ण गेल्यावर पायरीइतक्या उंचीवरून पाच उड्यांनी पुन्हा सुरुवात करा.