कूलिंग टॉवरच्या पंपांवर तापमानाचे सेन्सर पुरेसे होतील का?

प्रश्न (वेर्णा)
नमस्कार. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात कूलिंग टॉवरचे पंप 22 किलोवॅटच्या मोटरींवर चालतात. पावसाळा सुरू झाला की एखाद्या मोटरीची बेअरिंग हमखास जाते आणि त्यापायी उत्पादन थांबते. आता वायरलेस सेन्सर बसवण्यास व्यवस्थापनाची मंजुरी मिळाली आहे. पण पुरवठादार केवळ तापमान मोजणारे सेन्सर सुचवीत आहे. ते घ्यावेत का?

उत्तर १ (कुंडई, देखभाल विभाग)
केवळ तापमानावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रेसवर (बेअरिंगच्या गोळ्या ज्या कड्यावर फिरतात त्यावर) पहिला ओरखडा पडतो तेव्हा बेअरिंग गरम होत नाही. ती गरम होऊ लागते तोवर बिघाड बराच पुढे गेलेला असतो. कंपन मोजणारे सेन्सर घ्या, आणि ते केवळ कंपनवेगाचा एक आकडा न देता स्पेक्ट्रमही (कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे याचा आलेख) देतात याची खात्री करून घ्या. आपल्या आकाराच्या, पक्क्या पायावर बसवलेल्या मोटरीसाठी आयएसओ 20816-3 (पूर्वीचे 10816-3) या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 2.8 मिमी प्रतिसेकंदाच्या वर कंपन असमाधानकारक आणि 4.5 च्या वर धोकादायक मानले जाते. मात्र सुरुवातीचा बेअरिंगदोष या आकड्यात जवळजवळ दिसतच नाही. मिनिटाला 1480 फेऱ्यांच्या मोटरीत असमतोल सुमारे 24.7 हर्ट्झला दिसतो आणि कपलिंगची (मोटर आणि पंप जोडणाऱ्या सांध्याची) सरळ रेषा बिघडली असेल तर बहुधा त्याच्या दुपटीला. बेअरिंगच्या बारीक ठोक्यांची खूण मात्र काही हजार हर्ट्झमध्ये उमटते आणि ती एन्व्हलप विश्लेषणानेच (वरच्या वारंवारतेच्या संकेतातून ठोक्यांची लय वेगळी काढण्याच्या पद्धतीनेच) नीट वाचता येते.

उत्तर २ (मडगाव, कंपन-विश्लेषक)
वरील उत्तराशी सहमत आहे. सेन्सर बेअरिंग हाउसिंगवरच, रंग खरवडून, स्टडने (आट्यांच्या खिळीने) घट्ट बसवावा. पंख्याच्या पत्र्याच्या झाकणावर तो कदापि लावू नये, कारण तो पत्रा स्वतःच थरथरतो आणि त्याचेच कंपन नोंदले जाते. चुंबकाने बसवल्यास वरच्या वारंवारतेचे संकेत मंदावतात, म्हणजे नेमका बेअरिंगचाच आवाज हरवतो.

आपल्या प्रश्नातील पावसाळ्याचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बिघडणारी मोटर बहुधा स्टँडबाय (राखीव, एरवी बंद असलेल्या) पंपाची असते का, हे कृपया तपासून पाहा. बंद मोटरीच्या ग्रीसमध्ये दमट हवेतील पाणी शिरून गोळ्यांवर गंज चढतो. शिवाय शेजारच्या चालत्या पंपाच्या कंपनाने थांबलेल्या गोळ्या रेसवर एकाच जागी घासत राहतात. बंद यंत्रावरील सेन्सरला यातले काहीच कळत नाही. म्हणून दर आठवड्याला चालू आणि राखीव पंपांची पाळी बदलावी आणि बॅटरीवरील सेन्सरची नोंद पंप चालू असतानाच घेतली जाईल अशी वेळ ठरवावी.

प्रश्नकर्ता (वेर्णा)
आभारी आहे. मागील नोंदवही चाळली. गेलेल्या बहुतेक मोटरी खरोखरच स्टँडबायच्या आहेत. पाळी बदलण्याचे वेळापत्रक याच आठवड्यात लावतो. इशारा मात्र कोणाच्या मोबाइलवर जावा?

उत्तर १ (कुंडई, देखभाल विभाग)
ज्याच्या हाती पंप थांबवण्याचा अधिकार आहे, त्या पाळीप्रमुखाच्या. मोटरी सुस्थितीत असताना पहिले काही आठवडे नुसत्या नोंदी जमवा आणि इशाऱ्याची पातळी त्यांवरून प्रत्येक मोटरीसाठी वेगळी ठरवा.