मदत हवी आहे: रॉकेट चेंबरमधली ज्योत संपतच नाही. श्मिट नंबर (वायू किती जलद मिसळतात हे ठरवणारा आकडा) बदलू का?

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या सिंगल इंजेक्टर चेंबरचं सिम्युलेशन करतेय. वायुरूप ऑक्सिजन आणि मिथेन, दाब 20 बार, चेंबरचा छेद 12 × 12 मिमी चौकोनी. मधल्या 4 मिमीच्या नळीतून ऑक्सिजन येतो, भोवतीच्या कड्यातून मिथेन, आणि दोघांमध्ये 0.5 मिमी जाडीची भिंत.

माझा सेटअप: स्टेडी रान्स (प्रवाहाची सरासरी काढणारी पद्धत), टू-डी ॲक्सिसिमेट्रिक (म्हणजे चेंबर गोल धरून), के-ओमेगा एसएसटी (टर्ब्युलन्सचं मॉडेल), ॲडियाबॅटिक फ्लेमलेट टेबल (ज्वलनाचे आधीच काढून ठेवलेले आकडे, उष्णता बाहेर जात नाही असं धरून). वाय प्लस (मेशच्या पहिल्या सेलचं भिंतीपासूनचं अंतर, एककरहित) 1 च्या आत आहे.

अडचण अशी की ज्योत फार लांबते. प्रयोगात दाबाचा आलेख शेवटाकडे सपाट होत जातो, माझा उतरतच राहतो. टर्ब्युलंट श्मिट नंबर 0.9 वरून 0.5 केला (कमी म्हणजे मिसळणं जलद) तर दाब झकास जुळतो, पण मागच्या अर्ध्या भागात भिंतीचा हीट फ्लक्स (भिंतीत जाणारी उष्णता) तरीही कमीच. सर म्हणतात, जुळलं ना, मग लिहून टाक. व्हायवात "0.5 च का?" असं विचारलं तर काय सांगू?

प्रतिसाद 1

0.5 ला हात लावण्याआधी वेग काढून बघा. ऑक्सिजन 45 ग्रॅम आणि मिथेन 17 ग्रॅम प्रति सेकंद धरले तर दोन्ही प्रवाह 130 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास येतात. म्हणजे दोघं हातात हात घालून चालले आहेत, घर्षण जवळपास नाहीच. मिसळण्याची सुरुवात मुख्यतः दोन प्रवाहांमधल्या त्या अर्ध्या मिलिमीटरच्या भिंतीच्या टोकामागच्या, म्हणजे ओठामागच्या, भोवऱ्यातून होते. तिथे सेल (मेशच्या चौकटी) किती आहेत? आणि इंजेक्टरची नळी मेशमध्ये घेतलीय की टर्ब्युलन्स इंटेन्सिटी (आत येणाऱ्या प्रवाहातली खळबळ) 5 टक्के टाकून मोकळ्या झालात?

मूळ प्रश्नकर्ती

ओठावर 4 सेल. इंटेन्सिटी... हो, 5 टक्केच. 🙈

प्रतिसाद 2

हीट फ्लक्सचं दुखणं वेगळं आहे. तुमच्या टेबलमध्ये थंड भिंतीजवळही रासायनिक घटक गरम ज्योतीतलेच राहतात. प्रत्यक्षात भिंतीजवळ वायू निवतो, कार्बन मोनॉक्साइडचा डायऑक्साइड होतो आणि जास्तीची उष्णता भिंतीला मिळते. त्यासाठी नॉन-ॲडियाबॅटिक, म्हणजे भिंतीला जाणारी उष्णता धरणारं, टेबल हवं.

शिवाय श्मिट एकटाच बदलून प्रांटल (श्मिटसारखाच, पण उष्णतेसाठीचा आकडा) 0.85 ठेवला असेल तर फ्लेमलेटचं गृहीतकच मोडतं, की वायू आणि उष्णता सारख्याच वेगाने पसरतात. बदलायचे तर दोन्ही एकत्र.

आणि हो, चौकोनाचा गोल करताना क्षेत्रफळ सारखं ठेवलंत ना? मग व्यास साडेतेरा मिमी, परीघ साडेबेचाळीस. मूळ परीघ 48. भिंतच 11 टक्के कमी झाली! कोपऱ्यातले दुय्यम प्रवाह तर थ्री-डी केलं तरी एसएसटीला दिसत नाहीत, ते साध्या एडी-व्हिस्कॉसिटीच्या (एसएसटीसारख्या मॉडेलांच्या) आवाक्याबाहेरचं आहे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ओठावर 24 सेल घेतले, 40 मिमी नळीही जोडली. श्मिट 0.7, प्रांटलही 0.7. ज्योत बरीच आखडली, दाब थोडा वर आहे पण आलेखाचा आकार बरोबर आला. आता नॉन-ॲडियाबॅटिक टेबल बनवायला घेतलंय. एक शंका: टेबलमध्ये एन्थाल्पीच्या (वायूतल्या एकूण उष्णतेच्या) किती पातळ्या पुरतात? 10 घेतल्या तर भिंतीलगत पायऱ्या दिसताहेत.